सरकार पडलं म्हणजे नेमकं कोण पडलं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की युद्धानंतर इटलीत सरकारं अळंब्यांसारखी उगवली आणि तशीच सुकली, आणि त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले मॅडम यावेळचं सदर इटलीलाच देऊन टाका. निम्मे मेसेज "आपल्याकडं पण असंच चाललंय" एवढंच सांगणारे होते, ते बाजूला ठेवलेत. बाकीच्यांतले हे काही.

प्रश्न : मॅडम, इटलीत साठच्या वर सरकारं झाली हे खरं का? मग देश चालला कसा? आमच्या ग्रामपंचायतीत एकदा अविश्वास ठराव आला तर सहा महिने गटारीचं काम बंद पडलं होतं.
— कॉलेजचा विद्यार्थी, कागल

उत्तर : खरं आहे रे. १९४६ ला राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं तिथनं मोजलं तर २०२२ च्या ऑक्टोबरात मेलोनीबाईंचं सरकार आलं ते अडुसष्टावं. भागाकार करून बघ, एकेकाच्या वाट्याला सव्वा वर्षसुद्धा येत नाही.

पण आता दुसरा आकडा बघ. डिसेंबर १९४५ ला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे दे गास्पेरी पंतप्रधान झाले, तिथनं जून १९८१ पर्यंत म्हणजे साडेपस्तीस वर्षं एकदाही दुसऱ्या पक्षाचा माणूस पंतप्रधान झाला नाही, आणि १९८१ ला स्पादोलिनी नावाचे रिपब्लिकन झाले तरी त्यांच्या सरकारात मोठा पक्ष हाच. जुलिओ आंद्रेओत्ती १९४७ ला अठ्ठावीस वर्षांचे असताना सरकारात शिरले आणि १९९२ ला सातव्यांदा पंतप्रधान होते तेव्हा कुठं उठले. म्हणजे पत्ते पिसले जात होते, पण डाव मांडून बसलेली माणसं तीच. तुझ्या गावात सरपंच बदलला की गटच बदलतो म्हणून गटार थांबते, तिकडं गट बदलतच नव्हता.

आता असं का, तर त्याचं कारण युद्धात आहे. मुसोलिनीच्या आणि जर्मनांच्या विरोधात डोंगरात बंदुका घेऊन लढलेल्यांत कम्युनिस्ट लई होते, त्यामुळं युद्ध संपल्यावर त्यांचा पक्ष तगडा झाला आणि सुरुवातीला सगळे एकत्रच सरकारात होते. मग अमेरिका आणि रशियाचं फाटलं, जानेवारी १९४७ ला दे गास्पेरी अमेरिकेला जाऊन आले आणि मे महिन्यात कम्युनिस्ट आणि समाजवादी दोघांनाही सरकारबाहेर काढलं. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला जी निवडणूक झाली तिच्यात चर्चनं पत्रकं वाटली, अमेरिकेतल्या इटालियन लोकांनी गावाकडच्या नातेवाइकांना पत्रं पाठवली की डाव्यांना मत देऊ नका, सीआयएचा पैसा आला (हे नंतर कागदोपत्री उघड झालं), आणि एक पोस्टर तर मला अजून लक्षात आहे, मतदानाच्या खोलीत देव तुला बघतो, स्टालिन बघत नाही. ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ४८.५ टक्के मतं पडली, डाव्यांच्या आघाडीला ३१.

तिथनं जे कुलूप लागलं ते लागलंच. दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष म्हणजे कम्युनिस्ट, तो सत्तेत येऊच शकत नाही, येऊ दिला जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत. आणि मला विचारशील तर सरकारं पडण्याचं खरं कारण हेच आहे. विरोधक येण्याची भीतीच नाही म्हटल्यावर आपलंच सरकार पाडायला काय लागतं? पक्षातच पाच-सहा गट, एका गटाला खातं कमी पडलं की सरकार पाड, पंधरा दिवस रोममध्ये बैठका, नवीन यादी, शपथ. संसदेत गुप्त मतदानाची सोय होती त्यामुळं कुणी पाठीत सुरा खुपसला तेही कळायचं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी चेन्चेल्ली नावाच्या पक्षाच्याच एका माणसानं हिशेब मांडला की कंपनीत जेवढे शेअर तेवढा नफा, तसं पक्षात गटाची जेवढी टक्केवारी तेवढी मंत्रिपदं, आणि कुठलं खातं किती वजनाचं तेही ठरलेलं. अजून इटालियन पेपरात खातेवाटप आलं की "चेन्चेल्लीचं पुस्तक उघडलं" असंच लिहितात, असं छापील पुस्तक सुरुवातीला कुठं नव्हतंच ही त्यातली गंमत.

प्रश्न : इटलीत बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मतदान १९४६ ला केलं असं वाचलं. म्हणजे आपल्या पहिल्या निवडणुकीच्या आधी फक्त पाच-सहा वर्षं? आम्हाला तर शाळेत युरोप म्हणजे सगळ्यात पुढं असंच शिकवलं.
— निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

उत्तर : बाई, तुम्हाला तसं शिकवलं आणि तुम्ही-मी मिळून पुढं पोरांनाही तसंच शिकवलं, त्यामुळं दोष वाटून घेऊ. २ जून १९४६ ला दोन गोष्टींसाठी मतदान झालं, राजा हवा का नको आणि घटना समितीवर कोण. जवळजवळ ८९ टक्के लोक बाहेर पडले. मिलानच्या एका मोठ्या पेपरनं बायकांना सल्ला दिला होता की लिपस्टिक लावून जाऊ नका, कारण मतपत्रिका जिभेनं ओली करून चिकटवायची असायची आणि कागदाला रंग लागला तर मत बाद व्हायचं. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख मतं आणि राजाला १ कोटी ७ लाख, म्हणजे एकतर्फी अजिबात नाही, उत्तरेनं राजाला घालवलं आणि नेपल्ससारख्या दक्षिणेकडच्या शहरांनी भरभरून राजाला मतं दिली. घटना समितीत ५५६ जण निवडून आले त्यात बायका २१.

१ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या घटनेत स्त्री-पुरुष समान असं स्वच्छ लिहिलं. पण कायद्याची पुस्तकं मुसोलिनीच्या काळातलीच राहिली ना. नवऱ्यानं बाहेर काही केलं तर चालायचं, बायकोनं केलं तर गुन्हा, हा फरक घटना न्यायालयानं मोडला तो १९६८ ला. बलात्कार करणाऱ्यानं त्याच मुलीशी लग्न केलं की गुन्हा माफ, असंही कलम होतं. सिसिलीतल्या आल्कामो गावच्या फ्रांका व्हिओला नावाच्या मुलीला १९६५ च्या डिसेंबरात पळवून नेलं, सगळा गाव म्हणतोय लग्न कर आणि मिटव, ती म्हणाली नाही करणार, वडील तिच्या पाठीशी उभे राहिले, त्यांच्या द्राक्षाच्या मळ्याला आग लावली तरी हटले नाहीत, आणि त्या माणसाला शिक्षा झाली. तरी ते कलम पुस्तकातून जायला १९८१ साल उजाडलं. सरकारं तेवढ्या काळात किती आली-गेली तुम्हीच मोजा, त्या कलमाला हात लावायला एकालाही सवड झाली नाही.

घटस्फोटाचा कायदा १९७० चा. चर्च आणि ख्रिश्चन डेमोक्रॅटांनी तो रद्द करायला १९७४ ला सार्वमत घ्यायला लावलं, त्यांना वाटलं साध्या धार्मिक बायका आपल्याच बाजूनं उभ्या राहतील, आणि ५९ टक्के लोकांनी सांगितलं की कायदा राहू दे. मला तरी युद्धानंतरच्या इटलीतली ही सगळ्यात मोठी निवडणूक वाटते आणि तिच्यात एकही उमेदवार नव्हता. आपल्या शाहू महाराजांनी विधवाविवाहाचे, आंतरजातीय लग्नाचे कायदे केले ते याच्या पन्नासेक वर्षं आधी, हे त्या युरोपवाल्या धड्याशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. मोल्डिंगला निम्मी पोरं यूपी-बिहारची. इटली श्रीमंत झाली ती पण बाहेरनं कामगार आणून का?
— एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर : बाहेरनं नाही, आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाकडनं. साधारण १९५८ ते १९६३ ही वर्षं तिकडं आर्थिक चमत्काराची म्हणतात. सिसिली, कालाब्रिया, पूलिया या दक्षिणेकडच्या भागातनं माणसं रेल्वेत पुठ्ठ्याच्या पेट्या घेऊन चढायची आणि रात्र-दिवस प्रवास करून तोरिनो नाहीतर मिलानला उतरायची. तोरिनोत फियाटचा मिराफिओरीचा कारखाना, पगार बरा, पण राहायचं कुठं? दारावर पाटी असायची, दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. एकच देश, एकच धर्म, एकच पासपोर्ट. भाषा मात्र एकमेकांची कळत नव्हती कारण घरात प्रत्येकाची बोली वेगळी, इटालियन लोकांना सरसकट इटालियन शिकवली ती पुढं टीव्हीनं.

आणि यातला कायद्याचा गुंता ऐका, तुम्हाला कामगारांचे कागद करताना घाम फुटतो ना म्हणून मुद्दाम सांगते. मुसोलिनीच्या काळात १९३९ ला कायदा केलेला की शहरात नोकरी असल्याशिवाय रहिवासी म्हणून नोंद होणार नाही, आणि नोकरीसाठी नाव नोंदवायला गेलं की रहिवासाचा दाखला आणा. मुसोलिनी १९४५ ला मेला, हा कायदा १९६१ पर्यंत जिवंत. त्यामुळं लाखो माणसं आपल्याच देशात बेकायदा असल्यासारखी राबली, कमी पगारात, मधल्या ठेकेदारामार्फत. तीच पोरं पुढं १९६९ च्या शरदात फियाटच्या गेटवर संपाला उभी राहिली आणि १९७० ला कामगार हक्कांचा कायदा पदरात पाडून घेतला. जुन्या युनियनवाल्यांना पण ती झेपली नाहीत.

त्यांच्या घामातनं निघालेला माल मात्र आपल्या ओळखीचा. व्हेस्पा १९४६ ची, विमानं बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीनं युद्धानंतर विमानं बनवायला मिळेनात म्हणून काढलेली स्कूटर. तिचंच लायसन्स घेऊन बजाजनं आपल्याकडं स्कूटर बनवली. माझ्या वडलांची फियाट ११०० रंकाळ्याच्या चढावर हमखास बंद पडायची, ती पण मूळची तोरिनोचीच.

प्रश्न : निवडणुकीत वाटप तिकडं पण चालायचं का?
— मिसळ कट्टा, मंगळवार पेठ

उत्तर : चालायचं म्हणजे काय. नेपल्सचे महापौर आकिल्ले लाउरो, जहाज कंपनीचे मालक, राजेशाहीवाल्या पक्षाचे, शिवाय नेपल्सचा फुटबॉल क्लब त्यांचाच, १९५२ पासून पाच-सहा वर्षं शहर त्यांच्या खिशात. त्यांच्याबद्दल असं सांगतात की मतदानाच्या आधी मतदाराला डाव्या पायातला बूट द्यायचे आणि निकाल लागल्यावर उजव्या पायातला. कितपत खरं कुणास ठाऊक, नेपल्सची माणसं अजून रंगवून सांगतात एवढं नक्की. २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर आपल्या कोल्हापुरी चपला दिसल्या तेव्हा मला पहिल्यांदा हाच किस्सा आठवला होता. कट्ट्यावरच्या कुणाला याच्यावरनं आयडिया सुचली तर माझं नाव सांगू नका.

प्रश्न : आल्दो मोरोंना मारलं कोणी आणि का? कुलूप लागलं होतं म्हणता, ते कुणी उघडायचा प्रयत्नच केला नाही का?
— स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, गारगोटी

उत्तर : ज्यांनी उघडायचा प्रयत्न केला त्यातलेच एक मोरो. १९७३ ला चिलीमध्ये डाव्यांचं निवडून आलेलं सरकार लष्करानं उलथवलं, ते बघून इटलीतल्या कम्युनिस्टांचे नेते बेर्लिंग्वेर म्हणाले की नुसती ५१ टक्के मतं मिळवून आपल्याला कुणी राज्य करू देणार नाही, ख्रिश्चन डेमोक्रॅटांशी मोठा समझोताच करायला पाहिजे. १९७६ ला त्यांच्या पक्षाला ३४.४ टक्के मतं पडली, समोरच्यांना ३८.७, म्हणजे आता दार बंद ठेवणं अवघड. ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडनं हात पुढं करणारे होते मोरो, पाच वेळा पंतप्रधान झालेले, पेशानं कायद्याचे प्राध्यापक, हळू आवाजात इतकी लांब वाक्यं बोलणारे की पत्रकार वैतागायचे.

१६ मार्च १९७८, सकाळ. कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर उभ्या राहणाऱ्या आंद्रेओत्ती सरकारवर त्या दिवशी विश्वासदर्शक ठराव होता आणि मोरो संसदेकडं निघाले होते. रोमच्या फानी रस्त्यावर रेड ब्रिगेड्स नावाच्या अतिडाव्या सशस्त्र गटानं गाड्या अडवल्या, पाचही अंगरक्षकांना मारलं आणि मोरोंना पळवलं. गाडीत विद्यार्थ्यांचे तपासायला घेतलेले प्रबंध सापडले. मी शिकवायचे तेव्हा हे सांगताना दरवेळी थांबायचे, आपल्या टेबलावर पण तोच ढीग असतो ना.

पंचावन्न दिवस ते कोंडलेले. तिथनं पत्रं लिहिली, पक्षाला, पोपला, बायकोला, की माझ्या बदल्यात काही कैदी सोडा. सरकार म्हणालं बोलणी नाही, कम्युनिस्ट तर अजून ठाम, कारण मारणारे स्वतःला कम्युनिस्ट म्हणवत होते आणि आपण नरम पडलो तर लोक काय म्हणतील. समाजवादी पक्षाचे क्राक्सी तेवढे म्हणत होते की काहीतरी मार्ग काढा. ९ मे ला लाल रेनो गाडीच्या डिकीत मृतदेह मिळाला, काएतानी रस्त्यावर, दोन्ही पक्षांच्या मुख्य कचेऱ्यांपासनं चालत जाण्याएवढ्या अंतरावर. घरच्यांनी सरकारी अंत्यसंस्कार नाकारले आणि गुपचूप मूठमाती दिली, त्यामुळं १३ मे ला पोप आणि सगळे मोठे नेते चर्चमध्ये जमले तेव्हा पुढ्यात शवपेटीच नव्हती. कुलूप उघडायचं राहिलंच, वर्षभरात कम्युनिस्ट पुन्हा विरोधात जाऊन बसले.

परीक्षेसाठी एवढं वेगळं लिहून घे, त्या काळात बाँब फक्त डाव्यांनी फोडले नाहीत. १९६९ ला मिलानच्या फोंताना चौकातल्या बँकेत १७ माणसं गेली आणि २ ऑगस्ट १९८० ला बोलोन्या स्टेशनवर ८५, दोन्हीमागं अतिउजवे गट. स्टेशनवरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलंय, अजून तसंच आहे.

प्रश्न : बर्लुस्कोनी एसी मिलानचा मालक होता ना? आमच्या तालमीच्या टीमला स्पॉन्सर मिळताना मारामार आणि हा गडी क्लबच्या जोरावर पंतप्रधान?
— फुटबॉलवेडा, शिवाजी पेठ

उत्तर : नुसत्या क्लबच्या जोरावर नाही, मैदान रिकामं झालं होतं भावा. १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, १९९१ ला इटलीच्या कम्युनिस्टांनी स्वतःचं नावच बदललं, म्हणजे ज्यांच्या भीतीनं लोक नाक दाबून ख्रिश्चन डेमोक्रॅटांना मत देत होते ती भीतीच संपली. मग नाक कशाला दाबायचं?

१७ फेब्रुवारी १९९२ ला मिलानमध्ये एका सरकारी वृद्धाश्रमाचा प्रमुख, क्राक्सींच्याच समाजवादी पक्षाचा मारिओ किएझा, साफसफाईच्या ठेक्याची टक्केवारी घेताना सापडला, ७० लाख लिरा. (घाबरू नका, लिरा म्हणजे चिल्लरच.) क्राक्सी म्हणाले तो एकटाच चोर आहे, पक्षाचा संबंध नाही. तो भडकला आणि बोलायला लागला, मग ज्यांची नावं घेतली ते बोलायला लागले, आणि दोन वर्षांत अख्खं जुनं राजकारण कोर्टाच्या पायरीवर. पेपरवाल्यांनी मिलानला जे नाव दिलं त्याचं मराठी मी टक्केवारीनगर असं करते. ३० एप्रिल १९९३ ला क्राक्सी हॉटेलातनं बाहेर पडले तर लोकांनी अंगावर नाणी फेकली, हे पण घे म्हणून. पुढं ते ट्युनिशियाला गेले आणि तिथंच वारले. जानेवारी १९९४ ला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षच विसर्जित झाला.

त्याच जानेवारीच्या २६ तारखेला बर्लुस्कोनींनी स्वतःच्या चॅनेलवर व्हिडिओ कॅसेट लावून जाहीर केलं की मी मैदानात उतरतोय. शब्दच फुटबॉलचा, पक्षाचं नाव स्टेडियममधली आरोळी, "जोर लाव इटली". मार्चमध्ये जिंकले, आणि डिसेंबरात मित्रपक्षानं पाय काढून घेतल्यावर सरकार पडलं. खेळाडू नवे आले, खेळ जुनाच निघाला.

प्रश्न : आमच्या गावात दोन दूध संस्था, दोन गटांच्या. इटलीत पण सहकार मोठा आहे म्हणे. तिकडं राजकारण शिरत नाही का?
— दूध उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : शिरतं की, उलट दारातनंच शिरतं. एमिलिया-रोमान्या हा तिकडचा सहकाराचा पट्टा, बोलोन्या शहरात १९४५ पासनं कित्येक वर्षं कम्युनिस्ट महापौर. तिथं डाव्यांच्या संस्थांची एक फेडरेशन आणि चर्चवाल्यांच्या संस्थांची दुसरी, लोक लाल आणि पांढरी म्हणायचे (आपल्याला तांबडा-पांढरा म्हटलं की वेगळंच काही आठवतं). एकाच गावात दोन्ही असायच्या, तुमच्यासारखंच. घटनेच्या ४५ व्या कलमात सहकाराचं सामाजिक काम मान्य केलंय, ते कलम दोन्ही बाजूंनी मिळून लिहिलं, रोममध्ये एकमेकांचं तोंड बघत नव्हते तेव्हाही.

पार्मेजान चीज त्याच भागातलं, आणि ते करणाऱ्या बऱ्याच डेअऱ्या सहकारी. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट टाकीत ठेवून वरची साय काढतात, सकाळचं दूध त्यात मिसळतात, तांब्याच्या कढईत तापवतात. साधारण ५५० लिटर दुधाचं ४० किलोच्या आसपास वजनाचं एक चाक होतं आणि ते कमीत कमी १२ महिने पिकवायचं, चांगलं हवं तर २४. तेवढे दिवस शेतकऱ्याचे पैसे अडकणार, मग काय करायचं? तर तिथली एक बँक १९५० च्या दशकापासनं चीजची चाकंच तारण घेते, आपल्या जिल्ह्यात साखरपोत्यांवर कर्ज काढतात तसंच. बँकेचं गोडाऊन म्हणजे फळ्यांवर मजल्याच्या मजले चीज, बँकेचीच माणसं ती पुसतात, उलटी करतात.

ज्या दोन पक्षांच्या नावानं या संस्था भांडायच्या ते दोन्ही पक्ष आता नाहीत. लाल आणि पांढरी अशा दोन्ही फेडरेशन अजून आहेत. आणि चीज पिकलं का बघायला तिकडचा तपासनीस छोट्या हातोडीनं चाकावर ठोकून कान लावतो, आत पोकळ आवाज आला की ते चाक बाजूला, आपण गंगावेशीत कलिंगड घेताना करतो तसं.